उलट्या गाडीची रीत

माझे दाजी सर्जेराव यांना गाता येत नाही. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे आणि माझ्या बहिणीच्या, प्रयागाक्काच्या, देखत सांगितलेलं आहे. जळोचीच्या देवळात ते भजनाला बसले की टाळकरी टाळ जोरात वाजवायला लागतात. पण देवाने तोंड दिलं, वर मोट हाकायचं काम दिलं, मग माणूस गायचा थोडाच राहतो? मोटेवर ऐकायला दोन बैल, आणि बैलांना उठून जाता येत नाही.

त्या बैलांची नावं हौशा आणि नवशा. मळ्याच्या मधोमध विहीर, विहिरीवर कडुलिंब, आणि भोवतीनं वांगी, मिरची, मेथीचे वाफे. हल्ली जिकडेतिकडे इंजिनं फटफटायला लागलीत, म्हणून मोटेचं जरा सांगून ठेवतो. भरलेली मोट वर ओढायला बैल उतारावरून पुढे जातात. पाणी वरच्या हौदात पडलं, की तेच बैल पाठ न फिरवता, तसेच मागे मागे चालत विहिरीपाशी येतात आणि रिकामी मोट पुन्हा पाण्यात उतरते. पुढे कुठलाही बैल जातो. मागे यायला शिकवावं लागतं, आणि दाजींनी ते गाण्याने शिकवलं होतं. गाणं त्यांनी स्वतः रचलेलं. त्यांच्या वडिलांनी असलं काही केलं नव्हतं, ते सरळ माणूस होते.

चल हौशा, चल नवशा, मोट भरली गा,
वांग्याच्या वाफ्याला तहान लागली गा!
मागं मागं ये रं राजा, मागं मागं ये,
लिंबाच्या सावलीला वाईच इसावा घे!

वरच्या दोन ओळींना बैल पुढे, खालच्या दोन ओळींना मागे. कासरा ओढायला नको, चाबूक तर नकोच. वर्षानुवर्षं असं चाललं होतं आणि त्यात कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

मग चंद्रा बाळंतपणाला आली. चंद्राबाई ही दाजींची एकुलती एक लेक, इंदापूरच्या रस्त्यावर लासुर्ण्याला दिलेली. मुलगा झाला. नाव ठेवलं आनंदा, आणि काम एकच, रडायचं. आक्काच्या मीठमोहऱ्या उतरून झाल्या, वेखंड उगाळून झालं, पोटाला हिंग लावून झाला. शेजारच्या धोंडाबाईने आपल्या चार लेकरांवर चाललेले सगळे उपाय सांगितले. आनंदाने ते सगळे करून घेतले आणि पुन्हा रडायला सुरुवात केली.

एकदा चंद्राने मेथी खुडायला जाताना त्याची झोळी विहिरीवरच्या कडुलिंबाला बांधली. पोर टाहो फोडत होतं. इकडे दाजींनी मोट धरली आणि आपला गळा काढला. पोर गप्प! "मोट भरली गा" ऐकताना ते डोळे वटारून झोळीच्या कापडाकडे बघत राहिलं आणि "मागं मागं ये" सुरू झालं तशा त्याच्या पापण्या खाली आल्या. तिसऱ्या मोटेला गडी गाढ झोपला.

त्या दिवसापासून हाच रतीब. दाजी मोटेवर नसले तरी झोळीपाशी बसून गायचे. आक्काचा गळा खरोखर गोड. तिच्या ओव्या ऐकायला शेजारणी दारात थांबायच्या. पण ह्या गड्याला आजीच्या ओव्या नको होत्या, त्याला आजोबांचा मोडका आवाजच पाहिजे होता. दाजींची छाती फुगली.

"गाणं कळाया कान लागतो, रामहरी," ते मला म्हणाले. "पोराला हाय. तुला न्हाय."

"पोराला अजून कळत न्हाय, म्हणून ऐकतंय," मी म्हणालो. आक्काने माझ्यापुढचं ताट काढून घेतलं.

इथपर्यंत गंमत होती. पण बारशाला चंद्राची सासू छबूबाई आली होती, आणि तिने मांडीवर घेतल्यापासून पोराने जी तान धरली ती बाई गाडीत बसेपर्यंत सोडली नव्हती. आता छबूबाईची ओळख करून द्यायला हवी. ह्या बाईला जगातल्या सगळ्या रीती ठाऊक. लग्नात तिने हळदीच्या वाटीपासून वरमाईच्या पायघड्यांपर्यंत प्रत्येक गोष्टीला "आमच्यात अशी रीत न्हाय" म्हणून नाक मुरडलं होतं. रीत मोडली की तिच्या अंगावर काटा यायचा, आणि आपल्याला ठाऊक नसलेली एखादी रीत निघाली तर त्याहून मोठा काटा यायचा. ही दुसरी गोष्ट मी तेव्हाच मनात ठेवून दिली होती.

संक्रांत जवळ आली तसा तिचा निरोप आला. बारामतीच्या बाजारात मी आणि दाजी वांगी विकत होतो, तिथे तिच्या भावकीतला एकजण भेटला आणि त्याने तो शब्दाला शब्द सांगितला. "संक्रांतीच्या आत सून आन् नातू घरी आणा. पोर हसत न्हाय तर निजलेलं दारात आलं पायजे. रडत आलं, तर समजू की आजोळचं पानी त्येला मानवत न्हाय. मग चंद्रानं पुन्हा जळोचीचं नाव घ्यायचं न्हाय."

दाजी वांग्याच्या पाटीवर बसले. छबूबाई बोलली म्हणजे ते व्हायचंच, हे त्यांना माहीत होतं. तिच्या थोरल्या सुनेने सात वर्षांत माहेर पाहिलं नव्हतं, तेही असल्याच कुठल्यातरी कारणावरून. दाजींचा जीव चंद्रात किती होता, ते मी सांगायला नको. तिला सासरी धाडल्यावर महिनाभर हा माणूस भाकरीचा पहिला तुकडा मोडून तिच्या रिकाम्या पाटाकडे बघायचा. मी त्यांची थट्टा करतो, पण तेव्हा केली नव्हती.

"निजवून न्हेऊ की," मी म्हणालो. "तुमी हाय, तुमचं गाणं हाय. इहीणबाईच्या दारात मोट हाका."

बोलून गेलो. ह्या बोलण्याचं पुढे काय होणार आहे ते कळलं असतं तर जीभ चावली असती.

पाळणा, आंगडी-टोपडी, लाडवांचा डबा, एवढा सगळा पसारा एस.टी.त कोण घेणार? म्हणून बैलगाडी जुंपली. दाजी पुढे कासरा धरून, मध्ये चंद्रा आणि पोर, मी मागे पाय सोडून. सकाळच्या थंडीत पोर दुलईत झोपलेलं होतं. आक्काने डोळे पुसत पुसत गाडीला हात लावला आणि आम्ही निघालो.

बारामती मागे पडली आणि आनंदा जागा झाला. चंद्राने पाजलं, थोपटलं, खांद्यावर घेतलं. उपयोग नाही. तेव्हा कारखाने नवे नवे सुरू झालेले, त्यामुळे रस्त्याला उसाच्या गाड्यांची रांग लागलेली. समोरून येणारा प्रत्येक गाडीवान वाकून बघायचा, की ह्या गाडीत कुणाला चिमटे काढतायत.

"तात्या, वाईच म्हणा की," चंद्रा म्हणाली.

दाजी ह्याचीच वाट बघत होते. त्यांनी घसा खाकरला, मुंडासं सारखं केलं आणि सुरू केलं. "चल हौशा, चल नवशा, मोट भरली गा!" बैलांनी माना उचलल्या आणि पाय उचलला. पोर गप्प झालं. मी म्हणालो, वा. मग दाजींनी खालची ओळ धरली.

"मागं मागं ये रं राजा..."

गाडी थांबली. थोडी हलली. आणि मागे निघाली.

मी मागे पाय सोडून बसलेलो. आमच्या पाठीमागे उसाची गाडी होती, तिच्या बैलांचा गरम श्वास माझ्या गुडघ्यांना लागला तेव्हा मला कळलं, की आपण बारामतीकडे चाललो आहोत.

"आरं ए! कुठं चाललाय?" तो गाडीवान ओरडला. त्याचं नाव भिमा, हे मला पुढे त्याने दिलेल्या शिव्यांतून कळलं, कारण त्या तो स्वतःचं नाव घेऊन देत होता. "ह्यो भिमा आज पंधरा वर्षं गाडी हाकतोय, पन असली गाडी बघितली न्हाय! फुडं जायचं का घरी इसारलेलं आणाया?"

दाजींनी कासरा सैल सोडला, बैलांच्या शेपटीला हात लावला, पण गाणं चालू होतं ना! "वाईच इसावा घे" म्हटल्यावर बैल इमानदारीने थांबले आणि इसावा घेत उभे राहिले. दाजींनी गाणं बंद केलं. पोराने सुरू केलं.

मग आमच्या युक्त्या झाल्या. पहिली युक्ती दाजींची, फक्त वरचं अर्धं म्हणायचं. बैल खूश, धावायलाच लागले. पोर मात्र डोळे वटारून खालच्या अर्ध्याची वाट बघत राहिलं, आणि ते येत नाही म्हटल्यावर असं किंचाळलं, की वाटावं, अर्धं जेवलेल्याचं ताट कुणी ओढून नेलं.

दुसरी युक्ती माझी. मी म्हणालो, मी गातो, माझ्या आवाजाला बैल जुमानणार नाहीत. ते खरं ठरलं. बैलांनी कान हलवला नाही. पोर आश्चर्याने क्षणभर थांबलं आणि मग दुप्पट रडलं. चंद्रा म्हणाली, "मामा, ऱ्हाऊ द्या. त्येला आधीच तरास हाय."

तिसरी युक्ती, दाजींनी पोराला घेऊन खाली उतरायचं आणि गाडीच्या मागून दूरवरून गात चालत यायचं. कासरा माझ्याकडे आला. मी मुकाट्याने गाडी हाकली. लांबून दाजींचा आवाज आला, "मागं मागं ये", आणि हौशा-नवशा मला, चंद्राला आणि पाळण्याला घेऊन धन्याकडे मागे मागे निघाले. दाजी पोराला छातीशी धरून पळाले. मग ते गाडीच्या पुढे चालून गायला लागले, तर बैल त्यांच्यापासून मागे सरकायला लागले. दाजी बैलांना बोलवत पुढे, बैल आज्ञा पाळत मागे. भिमाने एव्हाना आमच्यापुढे गाडी काढली होती, पण पुढे न जाता रस्त्याकडेला थांबून तो हे बघत बसला होता. कारखान्यात त्याच्या उसाची वाट बघत असतील, ह्याची त्याला फिकीर नव्हती.

शेवटी मी माझा पटका फाडून दोन्ही बैलांच्या कानांना बांधला. आता त्यांना गाणं ऐकू येईना आणि हाकही ऐकू येईना. ते नुसते उभे राहिले. चिंध्या सोडाव्या लागल्या, आणि पटका गेला तो गेलाच.

एवढं होईस्तोवर सूर्य डोक्यावरून कलला. पोर मधे मधे दमून डोळा लावायचं आणि पुन्हा नव्या जोमाने उठायचं. दाजी एवढंच म्हणाले, "रामहरी, पोरगी गेली आपली." मला त्या क्षणी छबूबाईचा, बैलांचा आणि त्या गाण्याचा सारखाच राग आला. मागं यायची ओळ रचायची गरजच काय होती, असं मी म्हणणार होतो. पण मग मोट विहिरीत कशी उतरली असती?

लासुर्ण्याची घरं दिसायला लागली. मारुतीच्या देवळापासून छबूबाईच्या दारापर्यंत सरळ उताराची गल्ली आहे. गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा आनंदाचा आवाज अगदी टिपेला पोचला होता. अजून थोडं पुढे गेलो असतो तर गल्लीतल्या कुत्र्यांनीही त्याला साथ दिली असती.

"तात्या, गाडी थांबवा," चंद्रा एकदम म्हणाली. सकाळपासून ती आमच्या युक्त्या बघत होती, आणि बघता बघता तिच्या डोळ्यांतलं पाणी आटून तिथे दुसरंच काहीतरी आलं होतं. "गाडी फिरवा."

"परत जायाचं?" दाजींनी विचारलं. त्यांच्या तोंडावर आशाच दिसली, खोटं कशाला सांगू.

"परत न्हवं. गाडीचं तोंड जळोचीकडं करा, पाठ गल्लीकडं. आन् खालचं अर्धंच म्हणा. पोर निजतंय त्ये खालच्या अर्ध्यालाच, आन् बैल मागं जात्यात त्येबी खालच्या अर्ध्यालाच. मग जाऊ द्या की मागं!"

मी दाजींकडे बघितलं, दाजींनी माझ्याकडे. सकाळपासून आम्ही दोन बाप्ये बैलांशी, रस्त्याशी आणि एका तान्ह्याशी भांडत होतो, आणि गाडीचं तोंड फिरवायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

गाडी फिरवली. मी खाली उतरून मागची फळी धरली, चाक गटारात जाऊ नये म्हणून. दाजींनी हळू आवाजात, अगदी कानात सांगितल्यासारखं, सुरू केलं. "मागं मागं ये रं राजा, मागं मागं ये..." हौशा-नवशाने मान खाली घातली आणि गाडी छबूबाईच्या घराकडे सरकली. दाजींनी ओळ फिरवून फिरवून म्हटली. इसाव्याची ओळ ते टाळत होते, नाही तर बैल मध्येच उभे राहिले असते. आनंदाचं रडणं हुंदक्यावर आलं, हुंदका उसाशावर आला. शेवटी त्याचं डोकं चंद्राच्या खांद्यावर कलंडलं.

छबूबाई ओट्यावर उभी होती. हातात ओवाळायचा भाकरतुकडा, तांब्यात पाणी, आणि आजूबाजूला गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका. रडकं पोर बघायला तिने त्यांना मुद्दाम बोलावलं असणार, ह्याविषयी माझी खात्री आहे. तिच्यासमोर आधी मी आलो, पाठमोरा, डोक्याला पटका नसलेला. मग गाडीचा मागचा भाग, मग पाळणा, मग गाढ झोपलेलं पोर खांद्यावर घेतलेली चंद्रा. सगळ्यांत शेवटी दाजी आणि बैल, तिघांचीही तोंडं बारामतीकडे.

छबूबाईने वाकून पोराच्या तोंडाकडे बघितलं. ते झोपेत ओठ चोखत होतं.

"निजलंय," ती म्हणाली. तिला ते फारसं आवडलेलं दिसलं नाही. मग तिची नजर बैलांकडे गेली आणि चेहरा उजळला. "पन गाडी उलटी का, इवाई? लेकीला सासरी घालायची ही कंची तऱ्हा? आमच्यात अशी..."

ती "रीत" म्हणायच्या आत मी बोललो. "रीत हाय, इहीणबाई."

"कसली रीत?"

"पैला नातू आजोळाहून घरी येतो, तवा आजोळाकडं पाठ करून येत न्हाय. बैलांचं तोंड आजोळाकडंच ठिवायचं, आन् गाडी मागं मागं आणायची. लई जुनी रीत हाय. मोठ्या घरांतनंच पाळत्यात." मग मी आवाज बारीक केला. "तुमच्यात न्हाय व्हय?"

गल्लीतल्या सगळ्या बायकांनी छबूबाईकडे बघितलं. त्यांत प्रत्येकीच्या घरात हिने कधी ना कधी रीत काढलेली होती. छबूबाईच्या हातातला भाकरतुकडा तसाच राहिला.

"न्हाय कशी?" ती म्हणाली. "आमच्यातनंच तुमच्याकडं गेली असंल!"

तिचा नवरा आबासाहेब, बिचारा गरीब माणूस, दारात उभा होता. "पन थोरल्याच्या टायमाला आपुन तर..." त्याने सुरुवात केली.

"तुमी गप बसा. तुमाला घरातलं काय ठावं असतंय?"

मला वाटलं, झालं, जिंकलो. पण चंद्राने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि जमिनीकडे बघत हळूच म्हणाली, "आत्याबाई, मंग रीतीचं दुसरं अंगबी करायचं न्हवं?"

"कंचं?" छबूबाईने विचारलं, आणि विचारल्यावर तिला समजलं की विचारायला नको होतं.

"त्येच की. बैलांची तोंडं आजोळाकडं ठिवल्याली असत्यात, तर चैतात पोराला घिऊन तसंच सरळ आजोळी जावं लागतंय. दरसाल. न्हाय तर रीत अर्धी ऱ्हाती. तुमाला ठावंच हाय म्हणा, मी काय सांगू?"

बायका वाट बघत होत्या. पोर झोपलं होतं. छबूबाईने एकदा माझ्याकडे, एकदा बैलांकडे बघितलं. बैल जळोचीकडे तोंड करून अगदी साळसूदपणे उभे होते.

"ठावं हाय की," ती म्हणाली. "मी सांगणारच हुते. चैतात धाडीन." आणि तिने भाकरतुकडा ओवाळून फेकला.

मी अर्धी रीत रचली होती आणि माझी मला फुशारकी वाटत होती. पोरीने उरलेली अर्धी रचून मला खिशात घातलं. आमच्याकडची ना शेवटी! दाजी बैलांच्या मानेवरून हात फिरवत राहिले आणि त्यांनी तोंड तिकडेच ठेवलं, कारण डोळे पुसायचे होते.

त्या दिवशी मुक्काम केला. पाहुणचार छबूबाईने चांगला केला, तेही खरं. निघताना चंद्रा दारापर्यंत आली, आनंदा तिच्या कडेवर जागा होता आणि चक्क हसत होता. दाजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, चंद्राला "चैतात ये" म्हणाले आणि झटकन गाडीवर चढले.

परतीच्या वाटेवर गाडी रिकामी. पाळणा नाही, दुलई नाही. घरची वाट लागल्यामुळे बैल भरभर चालत होते. मी म्हणालो, आता गा की मोकळ्या गळ्याने, ऐकायला कुणी नाही. दाजींनी मान हलवली. लासुर्ण्याची घरं झाडांआड गेली तरी ते मागे वळून बघत होते. मग त्यांनी अगदी ओठातल्या ओठात ओळ धरली.

"मागं मागं ये रं राजा, मागं मागं ये..."

हौशा-नवशा थांबले आणि एकेक पाऊल मागे सरकू लागले, लासुर्ण्याकडे.

"दाजी," मी म्हणालो, "चैत काय लांब हाय व्हय?"

"न्हाय लांब," ते म्हणाले. "वाईच जाऊ दे." आणि त्यांनी तीच ओळ पुन्हा घेतली.

आवाज तसाच होता, फाटका. मी खाली उतरलो आणि गाडी रस्त्याच्या बाहेर जाऊ नये म्हणून मागची फळी धरली.